नागपूरची छोटी लाईन

नागपूरहून सातपुड्याकडे आणि वैनगंगेच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रेल्वेमार्गांना या भागात ‘छोटी लाईन’ म्हणत. बेंगाल नागपूर रेल्वे कंपनीने १९०३ ते १९१३ या दहा वर्षांत हे मार्ग तुकड्यातुकड्यांनी टाकले आणि सुमारे शंभर वर्षांनंतर ते तसेच तुकड्यातुकड्यांनी उखडले गेले. नागपूरच्या बाजूचा शेवटचा तुकडा इतवारी–नागभीडचा होता, तो २०१९च्या नोव्हेंबरात बंद झाला. शहरात आता त्या जाळ्याची आठवण मोतीबागच्या संग्रहालयात पाहायला मिळते. जगात इतर काही ठिकाणी अशाच बंद पडलेल्या छोट्या गाड्या आणि रस्त्यावरच्या ट्राम हौशी स्वयंसेवकांनी हाती घेतल्या, चालवल्या आणि मैल-दोन मैलांनी वाढवत नेल्या. नागपुरात तसे झाले नाही. त्याचे कारण बहुतेकदा लोकांच्या अनास्थेत शोधले जाते, पण ते या मार्गांच्या इतिहासातच दडलेले आहे.

नागपूरचा रेल्वेशी संबंध सुरू झाला तो सीताबर्डीच्या टेकडीच्या आसपास. १८१७च्या नोव्हेंबरात याच टेकडीवर आप्पासाहेब भोसले आणि कंपनी सरकार यांच्या फौजांची लढाई झाली आणि इंग्रजांनी पुढे तिथे किल्ला बांधला. तिसरे रघूजी १८५३मध्ये निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने राज्य खालसा केले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोचवणे ही इंग्रजांची निकड होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा फाटा १८६७मध्ये नागपुरात पोचला आणि स्टेशन टेकडीच्या पूर्वेकडच्या अंगाला झाले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ सुरू झाली, ती जागा निवडताना रेल्वे जवळ असण्याचा विचार होताच. रुळांमुळे शहराचे मात्र दोन भाग पडले. पश्चिमेला सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स, कचेऱ्या, पूर्वेला महाल, इतवारी आणि जुनी पेठ. दोन्हींमधली ये-जा लोहापुलासारख्या मोजक्या वाटांनी चाले. लोहापुलाखालची गर्दी आजही त्याच मांडणीचा परिणाम आहे.

पूर्वेकडे छत्तीसगडात जाणारा मार्ग मात्र वेगळ्या मापाचा होता. नागपूर–छत्तीसगड रेल्वे ही सरकारी मीटरगेज लाईन १८८०मध्ये तुमसरपर्यंत आणि १८८२मध्ये राजनांदगावपर्यंत गेली. छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार. दुष्काळात तिथला तांदूळ पश्चिमेकडे नेता यावा, हा त्या मार्गाचा उघड हेतू होता. पण नागपुरात मुंबईची गाडी साडेपाच फुटी रुळांवर आणि छत्तीसगडची सव्वातीन फुटी रुळांवर, त्यामुळे प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७मध्ये स्थापन झाली, तिने ही लाईन घेतली आणि १८८८मध्ये तिचे ब्रॉडगेज करून टाकले. १८९१मध्ये तीच लाईन आसनसोलपर्यंत पोचली. म्हणजे सातपुड्यातली छोटी लाईन जन्माला येण्याच्या पंधरा वर्षे आधीच नागपूरने एक गेज-रूपांतर पाहिले होते आणि त्याची कारणेही पाहिली होती. तरीही त्याच कंपनीने पुढे अडीच फुटी मार्गांचे जाळे विणले, ही गोष्ट नुसती विसंगती म्हणून सोडून देता येत नाही.

त्यामागे पैशाचे आणि भूगोलाचे गणित होते. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट, नैनपूर, मंडला, सिवनी, छिंदवाडा हा सगळा सातपुड्याचा पठारी, डोंगराळ आणि तेव्हा दाट जंगलाचा मुलूख. गाडीची रुंदी कमी झाली की वळणे आवळता येतात, डोंगराला वळसा घालून बोगदा टाळता येतो, पूल हलके बांधता येतात, जमीन कमी लागते. याचे प्रात्यक्षिक महाराष्ट्रातच झाले होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने १८९७मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे याच ७६२ मिलिमीटर मापाची होती. कॅल्थ्रॉपची मेख अशी की इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक कण्यावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळही भरपूर माल पेलतो. बार्शीची लाईन पुढे मिरज आणि लातूरपर्यंत वाढली. स्वस्तातली रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे नव्हे, हे तिने दाखवून दिले.

त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. धान्य पोचवायला वाट नाही आणि हाताला काम नाही, या दोन्ही अडचणींवर रेल्वेचे काम हा सरकारला सोयीचा उपाय वाटे. मातीचे भराव घालायला हजारो माणसे लागत. शिवाय भंडारा, बालाघाट, नागपूर जिल्ह्यांतल्या मँगनीजचा व्यापार याच सुमारास उभा राहात होता. आजच्या ‘मॉइल’ कंपनीची पूर्वज असलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६मध्ये निघाली. मँगनीज, छिंदवाड्याकडचा पेंच खोऱ्यातला कोळसा, सागवान, बांबू आणि धान्य एवढा माल समोर होता. तरीही ब्रॉडगेजचा खर्च निघेल इतका भरवसा कोणालाच नव्हता.

गोंदिया–नैनपूर हा पहिला टप्पा १९०३मध्ये खुला झाला. पुढच्या वर्षी नैनपूरहून सिवनीमार्गे छिंदवाडा आणि १९०५पर्यंत नैनपूरहून जबलपूर. मंडल्याचा फाटा त्यानंतरचा. नैनपूर हे मुळात सामान्य खेडे, पण चारही दिशांना फुटणाऱ्या रुळांनी त्याचे रेल्वेगाव करून टाकले. छोट्या मापाच्या गाड्यांचे एवढे मोठे जंक्शन दुसरीकडे क्वचितच होते. दक्षिणेकडे गोंदिया–नागभीड १९०८मध्ये झाले आणि नागभीडहून रूळ १९१३पर्यंत चांद्याला पोचले. नागपूरहून इतवारी–नागभीड १९०८मध्ये आणि इतवारी–छिंदवाडा १९१३पर्यंत पुरे झाले. या शेवटच्या दोन मार्गांनी नागपूर छोट्या लाईनीच्या जाळ्यात आले. इतवारीहून निघालेला माणूस छिंदवाडा, नैनपूर, गोंदिया, नागभीड असा भला मोठा फेरा घालून, अडीच फुटी रूळ न सोडता पुन्हा इतवारीला येऊ शकत असे. वेळ मात्र भरपूर हाताशी हवा.

इतवारीला ही लाईन यावी यात नवल नाही. सीताबर्डीजवळचे मुख्य स्टेशन मुंबईकडे आणि कचेऱ्यांकडे तोंड करून होते. इतवारी म्हणजे धान्याची, किराण्याची, सोन्याचांदीची घाऊक पेठ. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर या छिंदवाडा मार्गावरच्या गावांचा आणि कुही, उमरेड, भिवापूर या नागभीड मार्गावरच्या गावांचा व्यवहार इतवारीशीच. सावनेरकडचा कापूस आणि संत्री, उमरेड-भिवापूरकडची मिरची हा माल याच पट्ट्यातला. भिवापुरी मिरचीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. मुख्य स्टेशनाची सावनेरच्या दगडातली आजची इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुली झाली. शहराचा दर्शनी दरवाजा ती झाली, पण खेड्यातून बाजाराला येणाऱ्या माणसाचे स्टेशन इतवारीच राहिले. त्याच इतवारी स्टेशनाला अलीकडे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले आहे.

छोट्या गाडीची घडण मोठ्या गाडीपेक्षा निराळी होती. ब्रॉडगेजच्या डब्याला दोन्ही कोपऱ्यांना बफर असत, हिच्या डब्याच्या मधोमध एकच बफर आणि त्यातच जोडणीचा आकडा. दोन डब्यांमध्ये असा एकच सांधा असल्याने गाडी आवळ वळणावरही मोडल्यासारखी न होता वळे. डबा मात्र रुळांच्या मानाने चांगलाच रुंद, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, म्हणून रुळाची उंची किंचित जरी चुकली तरी हेलकावे जाणवत. वेग बेताचाच. सौंसरच्या पुढे रामाकोना सोडले की घाट लागे आणि भीमालगोंदीच्या चढावर इंजिनाचा कस लागे. मैदानात गाडी वेळ भरून काढी, घाटात ती पुन्हा गमावी.

इंजिनांचा क्रम पाहिला तर या मार्गांकडे कोणत्या काळात किती लक्ष होते तेही कळते. सुरुवातीच्या इंजिनांमध्ये ‘सीसी’ वर्ग गाजला. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्याने १९०६पासून बांधलेली ही इंजिने पुढे चार, मध्ये सहा आणि मागे दोन चाकांची. एवढ्याशा मापाच्या रुळांवर प्रवासी गाडीसाठी असे डौलदार इंजिन तेव्हा तरी चैनच होती. नंतर मालासाठी ‘झेडई’ आणि प्रवाशांसाठी ‘झेडपी’ ही प्रमाणित वर्गांची इंजिने आली, ‘झेडपी’ तर १९५०च्या दशकात जपानहून. पुढच्या पिढीने पाहिली ती ‘झेडडीएम’ डिझेल इंजिने. त्यानंतर या मापासाठी नवे असे फारसे काही घडलेच नाही. डबे-वाघिणींची देखभाल नागपूरच्या मोतीबाग वर्कशॉपात होई. कामठी रस्त्याच्या अंगाला, कडबी चौकाजवळचे हे वर्कशॉप मीटरगेजच्या काळातले, म्हणजे छोट्या लाईनीपेक्षाही जुने. भाते, लोहारकाम, सुतारकाम, रंगकाम सगळे एका आवारात. मोतीबागेच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये रेल्वेची नोकरी पिढीजात झाली ती या कामामुळे.

मालकीचे फलक बदलत राहिले. बेंगाल नागपूर रेल्वे १ ऑक्टोबर १९४४ रोजी सरकारजमा झाली, १९५२मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५मध्ये दक्षिण पूर्व रेल्वेत आणि २००३पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. गाडीच्या वेळापत्रकात त्याने फरक पडला नाही. फरक पडला तो डांबरी रस्त्यांनी. एसटीची बस गावात शिरते, स्टेशन गावाबाहेर असते. ट्रक माल शेतातून उचलतो आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरवतो. छोट्या लाईनीचा माल मात्र गोंदियाला, इतवारीला किंवा जबलपूरला हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत जायचा. १८८०च्या दशकात नागपूरच्या मीटरगेजला जी अडचण भोवली, तीच शंभर वर्षांनी अडीच फुटी गाडीला भोवली. मालवाहतूक आटत गेली आणि गाडी प्रवाशांची, तीही गरीब प्रवाशांची, होऊन बसली. तिकीट बसपेक्षा खूपच स्वस्त, म्हणून डबे मात्र शेवटपर्यंत भरलेले असत.

१९९२मध्ये रेल्वेने एकाच मापाचा कार्यक्रम, ‘युनिगेज’, हाती घेतला. गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट हा मार्ग १९९०च्या दशकातच ब्रॉडगेज झाला, कारण उत्तर-दक्षिण मालगाड्यांना तो जवळचा रस्ता होता. गोंदिया–बालाघाट त्यानंतर. जबलपूर–नैनपूर, नैनपूर–छिंदवाडा आणि नैनपूर–मंडला या गाड्या २०१५च्या अखेरच्या महिन्यांत थांबल्या, नागपूर–छिंदवाडाही त्याच सुमारास. दहा वर्षांत जोडलेले जाळे काही आठवड्यांत मोकळे झाले. इतवारी–नागभीड हा १०६ किलोमीटरचा मार्ग तेवढा एकटा उरला आणि आणखी चार वर्षे चालला.

रूपांतर म्हणजे दोन रुळांतले अंतर वाढवणे एवढेच नसते. अडीच फुटी रुळांचा भराव साडेपाच फुटी गाडीला पुरत नाही, तो रुंद आणि उंच करावा लागतो. जुन्या पुलांचे गाळे नव्या भाराला टिकत नाहीत. वळणे सैल करावी लागतात. भंडारकुंड–भीमालगोंदीच्या घाटात तर नवा मार्ग जुन्यापासून बाजूला घेऊन बोगद्यांतून न्यावा लागला. त्यामुळे नागपूर–छिंदवाडा मार्गावर ब्रॉडगेज पुरे व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्यातला बराच काळ सावनेर-सौंसरच्या माणसाला ना छोटी गाडी ना मोठी. गोंदियाहून जबलपूरपर्यंत सलग ब्रॉडगेज गाड्या धावू लागल्या तेव्हा २०२१ उजाडले होते. चेन्नई आणि उत्तर भारत यांतले अंतर त्याने कमी झाले, हे रूपांतराच्या बाजूने सांगण्यासारखे मोठे फळ आहे.

हे सगळे घडण्याच्या बऱ्याच आधी, १४ डिसेंबर २००२ रोजी, मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले होते. वेळ चांगली साधली गेली. जाळे अजून चालू होते, वर्कशॉपातल्या कारागिरांचे हात तयार होते आणि वस्तू भंगारात गेल्या नव्हत्या. वाफेची इंजिने, जुने डबे, अधिकाऱ्यांच्या दौऱ्याचा सलून, हाताने चालणारी यारी उघड्यावर मांडलेली आहे. आत सिग्नलचे दिवे, घड्याळे, टेलिफोन, स्टेशनातली उपकरणे. मुलांसाठी आवारात फिरणारी छोटी गाडीही आहे. नागपूरकरांना संग्रहालय माहीत असते ते बहुधा तिच्यामुळेच. नैनपूरलाही पुढे असे संग्रहालय झाले. दोन्ही रेल्वेने केलेली, रेल्वेच्या जागेवर, रेल्वेच्या माणसांनी सांभाळलेली. त्यांत उणे काढण्यासारखे थोडे आहे. तरी संग्रहालयातल्या इंजिनाला गावे नसतात. केळोदच्या बाजाराला निघालेली बाई त्यात बसत नाही.

युरोपात आणि अमेरिकेत याच प्रकारच्या वारशाने वेगळे वळण घेतले. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेचा मालक १९५०मध्ये वारला, तेव्हा एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला सभा भरली. १९५१च्या मे महिन्यापासून हौशी स्वयंसेवक ती रेल्वे चालवू लागले. जगात रेल्वे अशा रीतीने चालवण्याचा हा पहिला प्रयोग मानतात. नागपूरशी तुलना करायची तर मात्र वेल्समधलीच वेल्शपूल–लानव्हायर ही लाईन अधिक जवळची. माप तेच, ७६२ मिलिमीटर. सुरू झाली तीही १९०३मध्ये, गोंदिया–नैनपूरच्याच वर्षी. वेल्शपूल गावात तर ती घरांच्या परसांमधून आणि रस्त्यांवरून ट्रामसारखी जाई. प्रवासी वाहतूक १९३१मध्येच थांबली, मालवाहतूक १९५६मध्ये. त्याच वर्षी हौशी लोकांची संस्था उभी राहिली आणि १९६३मध्ये लानव्हायरच्या टोकाकडून गाडी पुन्हा धावली. गावातला रस्त्यावरचा तुकडा नगरपालिकेला नकोसा झाला होता, तो मिळाला नाही. उरलेला मार्ग सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या माणसांनी झुडपे तोडत, स्लीपर बदलत पुढे सरकवला. १९७२मध्ये सिल्वेन, १९८१मध्ये वेल्शपूलच्या वेशीवरचे नवे स्टेशन. म्हणजे आठ मैलांची लाईन पुन्हा उभी करायला अठरा वर्षे. डबे आणि इंजिने कमी पडली तेव्हा त्यांनी जगभर शोध घेतला, कारण याच मापाच्या रेल्वे सगळीकडे बंद पडत होत्या. ऑस्ट्रियातून डबे आले, सिएरा लिओनची सरकारी रेल्वे मोडीत निघाली तेव्हा तिथून १९७५मध्ये इंजिन आणि डबे आले.

अमेरिकेत डॅलसची गोष्ट रस्त्यावरच्या ट्रामची. तिथली ट्राम १९५६मध्ये बंद झाली आणि रूळ जागच्या जागी ठेवून वरून डांबर ओतले गेले. पुढे मॅककिनी ॲव्हेन्यूवर डांबर खरवडताना ते रूळ विटांच्या फरशीसकट निघाले. १९८९मध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करून तिथे ट्राम सुरू झाली, चालवायला बरेचसे स्वयंसेवक. २००२मध्ये ती शहराच्या नव्या रेल्वेच्या स्टेशनाला जोडली गेली, २०१५मध्ये मध्यवर्ती भागात आणखी आत गेली. हौस म्हणून सुरू झालेली गाडी हळूहळू शहराच्या रोजच्या वाहतुकीत मिसळली.

या उदाहरणांत एक समान धागा आहे. वेल्शपूलची लाईन कोणालाच नको होती. डॅलसचे रूळ विसरले गेले होते. स्वयंसेवकांच्या हाती आले ते टाकून दिलेले मार्ग, जमीन मोकळी, मालक द्यायला राजी. छोटी लाईन अशी कधीच टाकून दिली गेली नाही. तिची गिऱ्हाइके तिला चिकटून होती आणि त्यांना मोठी गाडी हवी होती. छिंदवाडा, सिवनी, उमरेड इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केली ती ब्रॉडगेजची. घाटासारखे तुकडे सोडले तर जुना मार्ग जिथे होता तिथेच नवा आला, तोच भराव रुंदावून, त्याच स्टेशनांत. जतन करायला वेगळी जागाच उरली नाही. त्यात भारतात रेल्वेची जमीन, रूळ, डबे सगळे सरकारी आणि प्रवासी गाडी चालवायची तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हौशी मंडळींना यात शिरकाव करणे सोपे नाही. इंडियन स्टीम रेल्वे सोसायटीसारख्या संस्था १९९९पासून काम करत आहेत, पण गाडी चालते ती रेल्वेच्याच हातून. कालका–सिमला ही याच ७६२ मिलिमीटर मापाची लाईन २००८मध्ये जागतिक वारसा ठरली आणि टिकली, कारण तिला पर्यटक मिळाले आणि डोंगरात ब्रॉडगेज नेणे परवडणारे नव्हते. महाराष्ट्रात माथेरानची गाडी टिकली तीही त्याच दोन कारणांनी. सावनेरला हवा खायला कोणी जात नाही.

टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी गाडी नागपुरात पुन्हा दिसली ती सीताबर्डीलाच, पण आता जमिनीच्या कितीतरी वर. मेट्रोचा खापरी–सीताबर्डी मार्ग ७ मार्च २०१९ रोजी खुला झाला, लोकमान्य नगर–सीताबर्डी २८ जानेवारी २०२० रोजी, कस्तुरचंद पार्कपर्यंतचा छोटासा तुकडा २०२१च्या ऑगस्टमध्ये आणि ऑटोमोटिव्ह चौक व प्रजापती नगरकडचे उरलेले मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी. दोन्ही मार्ग सीताबर्डीच्या स्टेशनात एकमेकांवरून जातात. उत्तरेकडे जाणारा मार्ग गड्डीगोदामजवळ रेल्वेच्या रुळांना ओलांडतो. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर झाले आहेत. त्यापुढचे स्टेशन कडबी चौक, म्हणजे मोतीबागेच्या संग्रहालयाचे. दुसरा टप्पा कन्हान, हिंगणा, बुटीबोरी आणि ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत, सुमारे ४४ किलोमीटरचा, मंजूर आहे.

विदर्भात स्वयंसेवकांच्या रेल्वेला वाव असलाच तर तो नागपुरात नसून वऱ्हाडात आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या लाईनी, लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’, आणि पुलगाव–आर्वी ही त्यांची धाकटी बहीण. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी त्या बांधल्या. माप पुन्हा ७६२ मिलिमीटर. त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले नाही, म्हणून स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीकडे आणि गाडी चालवणारी मध्य रेल्वे, असा अजब व्यवहार चालू राहिला. १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन यवतमाळच्या गाडीला एप्रिल १९९४पर्यंत ओढत होते, मग डिझेल आले. पुढे गाड्या थांबल्या, आणि इथे मात्र रूळ बराच काळ नुसतेच पडून राहिले, गवतात, कोणाच्या लक्षात नसल्यासारखे. वेल्शपूलच्या १९५६शी साम्य असेल तर ते याच मार्गाचे. शकुंतलेसाठी लोक जागेही झाले. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, यवतमाळ भागात बचाव समित्या झाल्या, आंदोलने झाली, निवेदने गेली. २०१६मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी तिच्या ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा केली. यवतमाळला दुसऱ्या बाजूने वर्धा–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाने रेल्वे येत असून त्यातला वर्धा–कळंब टप्पा २०२४मध्ये सुरू झाला. मूर्तिजापूर–अचलपूरच्या बाजूला समित्यांची मागणी अजून चालू आहे आणि निवेदनांत जी गाडी मागितली जाते ती ब्रॉडगेजचीच.